‘ॲमेझोनियन’ म्हणजे नदीचं, जंगलाचं की बायकांचं?

प्रश्न: नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात हवामान परिषद झाली तेव्हापासून बातम्यांत ‘ॲमेझोनियन प्रदेश’, ‘ॲमेझोनियन देश’, ‘ॲमेझोनियन जमाती’ असं सारखं वाचतोय. मुलीने इंग्रजी शब्दकोश उघडला तर त्यात नदीबरोबर ‘उंच, धिप्पाड, लढाऊ बाई’ असाही अर्थ निघाला. एकाच विशेषणात हे दोन अर्थ आले कुठून? आणि मुळात हा शब्द तिथल्या आदिवासींचा आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण गल्लत तिथेच होते. शब्द तिथल्या आदिवासी भाषांमधला नाही. तो ग्रीकांकडून आलाय, आणि नदीला तो चिकटवला स्पॅनिश लोकांनी, १५४२ नंतर. त्याआधी युरोपीय लोक तिला वेगळंच म्हणायचे. १५०० साली विसेन्ते यान्येझ पिन्झोन हा दर्यावर्दी तिच्या मुखापाशी पोचला असं मानतात, तेव्हा किनारा दिसत नाही इतक्या लांब समुद्रातसुद्धा पाणी गोडं लागलं म्हणून त्याने नाव ठेवलं ‘मार दुल्से’, गोडा समुद्र. मला विचाराल तर हे नाव जास्त खरं होतं, कारण जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं पाणी समुद्रात ओततात त्यातला साधारण पाचवा हिस्सा ही एकटी ओतते.

आता बायकांचं. १५४१ मध्ये गोन्सालो पिझारो (पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्कोचा भाऊ) कीतोहून अँडीज उतरून पूर्वेला निघाला, सोन्याच्या आणि दालचिनीच्या शोधात. होय, दालचिनीच. आपल्याकडच्या मसाल्यांचा व्यापार पोर्तुगीजांच्या हातात, तेव्हा स्पॅनिश लोकांना आपली स्वतःची दालचिनीची रानं हवी होती. झाडं मिळाली पण एकेक कुठेतरी लांब लांब, आणि अन्न संपलं, घोडे-कुत्रे खायची वेळ आली. मग डिसेंबर १५४१ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना पन्नास-साठ माणसं घेऊन होडीने खाली गेला, काय तर अन्न शोधून परत येतो म्हणून. परत आलाच नाही. प्रवाहाविरुद्ध येणं शक्य नव्हतं असं त्याचं म्हणणं, पिझारोच्या मते ती सरळसरळ दगाबाजी होती. ते काहीही असो, ओरेयाना वाहत वाहत २६ ऑगस्ट १५४२ ला अटलांटिकला लागला, आणि पश्चिमेकडून समुद्रापर्यंतचा हा जलप्रवास करणारा पहिला युरोपीय ठरला.

त्याच्या बरोबर गास्पार दे कार्वाखाल नावाचा डॉमिनिकन पंथाचा पाद्री होता, त्याने सगळा वृत्तांत लिहून ठेवला. २४ जून १५४२, सेंट जॉनच्या सणाचा दिवस (गोव्यात सांजाव करतात तोच), त्या दिवशी नदीकाठच्या एका गावाशी मोठी लढाई झाली. कार्वाखाल लिहितो की त्या लोकांच्या पुढे दहा-बारा बायका लढत होत्या, उंच, गोऱ्या, लांब केसांची वेणी घालून ती डोक्याभोवती गुंडाळलेली, हातात धनुष्यबाण, आणि एकेक बाई दहा पुरुषांइतकी लढत होती, आणि आपले पुरुष माघार घेताना दिसले तर त्यांनाच त्या झोडपून मारत होत्या. त्याच्या होड्यांत इतके बाण रुतले की त्या साळिंदरासारख्या दिसायला लागल्या असंही तो म्हणतो. त्याच सुमाराच्या चकमकीत बाण लागून त्याचा स्वतःचा एक डोळा गेला.

नंतर त्यांनी एका पकडलेल्या माणसाची उलटतपासणी केली, आणि त्याने म्हणे सांगितलं की आत खूप लांबवर फक्त बायकांची गावं आहेत, दगडी घरं आहेत, राणीचं नाव कोन्योरी, मूल हवं असेल तेव्हा शेजारच्या पुरुषांना धरून आणतात, मुलगी झाली तर वाढवतात आणि मुलगा झाला तर मारतात नाहीतर बापाकडे पाठवून देतात. ही गोष्ट जशीच्या तशी ग्रीक कथांमधल्या ॲमेझॉन बायकांची आहे! आणि संभाषण कसं चाललं होतं ते बघा, ओरेयानाने वाटेत स्वतः जमवलेल्या शब्दांच्या यादीवरून. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीच तयार, भाषा तोडकीमोडकी, आणि समोरचा माणूस कैदेत. मला तर इथे त्या कैद्याचीच फार कणव येते, त्याला नक्की काय विचारलं आणि तो नक्की काय बोलला हे आता कधीच कळणार नाही.

ही कल्पना स्पॅनिश लोकांच्या डोक्यात फार आधीपासून होती. कोलंबसने पहिल्या सफरीतच, १४९३ मध्ये, कॅरिबियनमध्ये ‘मातिनिनो’ नावाचं फक्त बायकांचं बेट आहे असं ऐकल्याची नोंद केलीय. बायकांचं राज्य नेहमी ओळखीच्या मुलखाच्या पलीकडेच असतं, ग्रीकांसाठी ते काळ्या समुद्राच्या काठी होतं, आपल्या नाथकथांमध्ये मच्छिंद्रनाथ अडकतात ते स्त्रीराज्यही असंच कुठेतरी दूर, जिथे गोरक्षनाथांना ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ म्हणत जावं लागलं. फरक एवढाच की आपण ते नाव कुणाच्या खऱ्याखुऱ्या नदीला नेऊन लावलं नाही.

त्या दिवशी बायका लढल्या नसतील असं मात्र मला म्हणायचं नाहीये. गावावर हल्ला झाला तर घरातल्या बायका धनुष्य उचलतीलच की. १५५२ मध्ये लोपेझ दे गोमारा या स्पॅनिश इतिहासकाराने नेमकं हेच लिहिलं, की त्या भागात बायकांनी लढणं यात नवल काही नाही, आणि धनुष्य ओढायला स्तन कापावा लागतो हे आपल्याला पटत नाही कारण तसं न करताही त्या उत्तम बाण मारतात.

स्तनाचा मुद्दा आला कुठून? ग्रीकांनी ‘ॲमेझॉन’ची फोड केली ‘अ’ म्हणजे नसलेला आणि ‘माझोस’ म्हणजे स्तन, आणि मग त्या फोडीला धरून गोष्ट रचली की धनुष्याच्या आड येतो म्हणून या बायका उजवा स्तन जाळून टाकत. पण ग्रीकांच्याच रांजणांवर आणि शिल्पांमध्ये या बायका दोन्ही स्तनांसकटच दाखवल्यात, सगळीकडे. भाषेच्या अभ्यासकांना ही फोड मान्य नाही. शब्द बहुधा ग्रीक नसावाच, कुठल्यातरी इराणी भाषेतून आला असावा असा एक तर्क आहे, पण तोही तर्कच. खरी माणसं मात्र त्या कथेमागे असणार, कारण काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मुलखात शक लोकांच्या थडग्यांमध्ये भाले-बाणांसकट पुरलेल्या बायका मोठ्या संख्येने सापडल्यात.

म्हणजे तुमच्या मुलीने पाहिलेल्या दोन अर्थांपैकी बाईचा अर्थ जुना आणि नदीचा नवा. इंग्रजीत ‘ॲमेझोनियन’ आधी बायकांसाठीच वापरला गेला. शेक्सपिअर ‘कोरिओलेनस’ नाटकात एका कोवळ्या वयाच्या योद्ध्याच्या हनुवटीला ‘ॲमेझोनियन’ म्हणतो, अर्थ काय तर अजून दाढी न फुटलेली, बाईसारखी. त्यात नदी नाही की जंगल नाही. नदीचं नाव युरोपात रुळलं तशी या विशेषणाला दुसरी बाजू फुटली.

आणि एक बारीक गोष्ट जी मराठीत येता येता हरवते. पोर्तुगीजमध्ये नदी आजही ‘रिओ अमाझोनास’ आहे, त्यातला शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा, म्हणजे ‘त्या बायकांची नदी’. इंग्रजीने तो काढून टाकला आणि आपण इंग्रजीवरून घेतलं.

‘अमासोना’ म्हणजे ‘होड्या फोडणारी’ या आदिवासी शब्दावरून नाव आलं असंही फिरत असतं. मुखाजवळ भरतीची प्रचंड लाट नदीत उलटी घुसते (तिला ‘पोरोरोका’ म्हणतात आणि हा शब्द मात्र खरोखर तुपी भाषेतला आहे), तिचा संबंध जोडतात. ऐकायला छान वाटतं पण त्याला भक्कम पुरावा नाही, ओरेयानाच्या सफरीचा लेखी पुरावा आहे.

प्रश्न: ‘ॲमेझोनियन देश’ म्हणजे नक्की किती देश? कुठे आठ लिहितात, कुठे नऊ. आणि क्षेत्रफळ तर प्रत्येक ठिकाणी वेगळं.
– एक शिक्षिका, धुळे

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत. ३ जुलै १९७८ ला ब्राझीलिया शहरात ॲमेझॉन सहकार्य करार झाला त्यावर सह्या आठ देशांच्या, ब्राझील, पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला, एक्वाडोर, बोलिव्हिया, गयाना आणि सुरिनाम. नववं आहे फ्रेंच गयाना, पण तो स्वतंत्र देश नाही, फ्रान्सचाच भाग आहे, म्हणून करारात नाही पण जंगलात आहे.

क्षेत्रफळाचा घोळ यासाठी की ‘ॲमेझोनियन’ हे विशेषण तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावतात आणि बातमी लिहिणारा कुठली ते सांगत नाही. एक म्हणजे नदीचं खोरं, जिथलं पाणी या नदीला मिळतं तो सगळा भाग, साधारण ७० लाख चौरस किमी. यात अँडीजची बर्फाची शिखरंसुद्धा येतात जिथे झाडाचं नाव नाही. दुसरं म्हणजे वर्षावन, सलग जंगल, साधारण ५५ लाख चौरस किमी, म्हणजे जवळपास अठरा महाराष्ट्र. गंमत म्हणजे सुरिनाम आणि फ्रेंच गयानामधल्या नद्या ॲमेझॉनला मिळतच नाहीत, थेट अटलांटिकला जातात, म्हणजे खोऱ्याच्या हिशोबाने ते बाहेर पण जंगलाच्या हिशोबाने आत. आणि तिसरं निव्वळ कायद्याचं, ब्राझीलने १९५३ मध्ये विकासयोजनांसाठी आखलेली ‘अमाझोनिया लेगाल’, ती साधारण ५० लाख चौरस किमी, ब्राझीलचा निम्म्याहून जास्त भूभाग. तिच्यात माटो ग्रोसो राज्यातली ‘सेराडो’ नावाची गवताळ-झुडपी मैदानंही धरलेली आहेत. त्यामुळे मुलांना शिकवताना एवढं जरूर विचारायला लावा की जंगलतोडीचा आकडा यातल्या कुठल्या हद्दीचा आहे, कारण एका हद्दीचा आकडा दुसरीच्या क्षेत्रफळाने भागला की टक्केवारी साफ चुकते.

प्रश्न: मग तिथले लोक स्वतःला काय म्हणतात? ‘ॲमेझोनियन’च?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: हा प्रश्न आला याचा मनापासून आनंद झाला. पोर्तुगीजमध्ये यासाठी एक नाही तर तीन शब्द आहेत. ‘अमाझोनिको’ म्हणजे प्रदेशासंबंधी, जंगल, हवामान, मासे वगैरे. ‘अमाझोनेन्से’ म्हणजे अमाझोनास या राज्याचा, ज्याची राजधानी मनौस. आणि ‘अमाझोनिदा’ म्हणजे या सगळ्या प्रदेशात राहणारं माणूस. बेलेम शहर पारा राज्यात आहे, म्हणून बेलेमचा माणूस अमाझोनिदा आहे पण अमाझोनेन्से नाही, तो ‘पाराएन्से’. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘ॲमेझोनियन’ लावतात आणि हे सगळे पदर त्यात दबून जातात.

आणि हे झाले पोर्तुगीज शब्द. शेकडो आदिवासी समाज तिथे आपापल्या नावाने राहतात, तिकुना, यानोमामी, मुंडुरुकू, बनिवा, आशानिंका, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. एक उदाहरण देते. जंगलातून वाहणाऱ्या लहान ओढ्याला तिथे ‘इगारापे’ म्हणतात. ‘इगारा’ म्हणजे होडी आणि ‘पे’ म्हणजे वाट, होडीची वाट. रस्ते नसलेल्या मुलखात ओढा म्हणजे रस्ताच, पावसाळ्यात पाणी चढलं की हीच वाट झाडांच्या मधून आत आत जाते. शब्द तुपीचा आहे आणि मनौसमध्ये शहरी माणूसही तोच वापरतो. तुपीपासूनच घडलेली ‘न्येंगातू’ नावाची भाषा आजही बोलली जाते, रिओ नेग्रोच्या वरच्या अंगाला साओ गाब्रिएल दा काशोएरा या नगरपालिकेत २००२ पासून तिला तुकानो आणि बनिवा या भाषांसोबत अधिकृत दर्जा आहे, आणि २०२३ मध्ये ब्राझीलची राज्यघटना न्येंगातूत भाषांतरित झाली.

अजून एक राहिलं. बायकांच्या राज्यामुळे कार्वाखालवर लोक शतकानुशतकं हसले, आणि त्या भरात त्याने लिहिलेली दुसरी गोष्टही थापच धरली, ती म्हणजे नदीकाठी मैलोन्मैल एकाला एक लागून गावं होती, रुंद रस्ते होते. ‘ॲमेझोनियन’ म्हणजे माणसाचा हात न लागलेलं, कुंवार जंगल असं जे आपल्या मनात बसलंय ते यातूनच. पण तिथे जागोजागी ‘तेरा प्रेता’ सापडते, काळीभोर माती, तिच्यात कोळसा, हाडं, खापराचे तुकडे, आणि ही माती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून तयार केलेली आहे, आसपासच्या पिवळट-तांबड्या निकस जमिनीत तिचा पट्टा डोळ्यांना वेगळा दिसतो आणि शेतकरी आजही मुद्दाम तिथेच पेरतात. २०२२ मध्ये बोलिव्हियातल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये एक्वाडोरच्या उपानो खोऱ्यातल्या जुन्या नगरांचे शोध प्रसिद्ध झाले. उपानोला विमानातून लेझर टाकून झाडांखालची जमीन मोजली तर ६,००० पेक्षा जास्त मातीचे चौथरे आणि त्यांना जोडणारे सरळ रस्ते निघाले, आणि तिथली वस्ती अडीच हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली. ही नगरं युरोपीय यायच्या आधीच ओस पडली होती, पण कार्वाखालने पाहिली तशी नदीकाठची गावंच्या गावं मात्र त्याच्यानंतर ओस पडली, युरोपातून आलेल्या देवी-गोवरासारख्या रोगांनी आणि गुलामगिरीने, आणि जंगलाने ती झाकून टाकली. माझं तर स्पष्ट मत आहे की ‘ॲमेझोनियन’ या शब्दातून ‘निर्मनुष्य’ हा अर्थ काढून टाकायलाच हवा, कारण जमिनी बळकावताना ‘इथे कुणी राहतच नव्हतं’ हेच कारण पुढे केलं गेलंय.

प्रश्न: घरी ‘ॲमेझॉन’ नावाचा पोपट पाळलेला पाहिलाय, ॲमेझोनाइटची अंगठीही विकतात. हे सगळं तिथूनच येतं का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: नाव आहे म्हणून गाव तेच असेल असं नाही. ‘अमाझोना’ ही पोपटांची एक मोठी प्रजाती आहे आणि त्यातले कितीतरी मेक्सिकोत आणि कॅरिबियन बेटांवर राहतात. ॲमेझोनाइट या हिरव्या दगडाला नाव नदीवरून मिळालं पण नदीकाठी त्याच्या खाणी नाहीत. आणि ‘ॲमेझॉन मॉली’ नावाचा एक छोटा मासा तर मेक्सिको आणि टेक्ससमधला, त्याचा नदीशी काही संबंध नाही, नाव पडलं ते जुन्या ग्रीक अर्थाने, कारण त्या जातीत सगळ्या माद्याच असतात! जवळच्या दुसऱ्या जातीच्या नराशी संग होतो पण त्याचा अंश पिल्लांत उतरत नाही, पिल्लं आईची हुबेहूब नक्कल.

खरोखर तिथलं पाहायचं असेल तर ‘व्हिक्टोरिया अमाझोनिका’ बघा, ते भलंमोठं कमळ, हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात आहे. पान दोन-अडीच मीटरपर्यंत रुंद, कडा ताटासारखी वर वळलेली, खालून काटेच काटे. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, वासाने भुंगेरे आत जातात, मग ते मिटतं आणि भुंगेरे रात्रभर आत कोंडले जातात, दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी होऊन उघडतं आणि परागाने माखलेले भुंगेरे पुढच्या पांढऱ्या फुलाकडे.

गोव्याहून एका ताईंनी काजूबद्दल विचारलंय तेही इथेच सांगते. काजू ब्राझीलचा हे खरं, शब्दही तुपी ‘अकाजू’वरून पोर्तुगीज ‘काजू’ आणि तिथून आपल्याकडे, पण त्याचं मुख्य घर ईशान्य ब्राझीलची रेताड किनारपट्टी, वर्षावन नाही. रबर मात्र अस्सल तिथलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने तापाजोस नदीच्या भागातून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, तिथून रोपं श्रीलंकेला आणि आशियाभर गेली. आज गोव्यात आणि सिंधुदुर्गात जी रबराची लागवड दिसते ती त्याच झाडाची, आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘अमाझोनिका’ नाही, ‘ब्राझिलिएन्सिस’ आहे.

प्रश्न: मराठीत काय लिहावं? ॲमेझोनियन, ॲमेझॉनी, ॲमेझॉनीय?
– भाषांतराचं काम करणारी एक वाचक, पुणे

उत्तर: ‘ॲमेझॉनीय’ कानाला खटकतं. ‘ॲमेझॉनी’ चालेल, कोकणी-वऱ्हाडीच्या धर्तीवर, पण वाचकाला आधी तो पार्सलवाल्या कंपनीचाच शब्द वाटेल. ते नाव जेफ बेझोसने १९९४ मध्ये सुरू केलेल्या कंपनीला नदीवरूनच दिलं, आणि पुढे इंटरनेटवर ‘डॉट ॲमेझॉन’ हा पत्ता कुणाचा यावरून कंपनी आणि ते आठ देश यांच्यात कित्येक वर्षं वाद चालला, २०१९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

बहुतेक ठिकाणी विशेषणाची गरजच नसते, आपला ‘चा-ची-चं’ पुरतो. नदीबद्दल असेल तर ‘ॲमेझॉनचं खोरं’, ‘ॲमेझॉनचे मासे’. प्रदेशाबद्दल असेल तर मी ‘अमाझोनिया’ हे नाव वापरते, ‘अमाझोनियातलं जंगल’, ‘अमाझोनियातले लोक’, म्हणजे नदी आणि प्रदेश वेगळे राहतात. ब्राझीलच्या राज्याबद्दल असेल तर ‘अमाझोनास राज्यातलं’ असं पूर्ण लिहा, कारण याच नावाचे प्रांत पेरू, कोलंबिया आणि व्हेनेझुएलातही आहेत, तेव्हा देशाचं नावही सोबत हवं. आणि एखाद्या जमातीची बातमी असेल तर ‘ॲमेझोनियन जमात’ न लिहिता जमातीचं नाव शोधा, मूळ इंग्रजी बातमीत ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दिलेलं असतं.